त्या फोटोत एक मुलगा कमी आहे

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत ‘क्रिप्टो ख्रिश्चन’ हा शब्द आला आणि आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चाललंच नाही. हिंदू, बौद्ध आणि शीख सोडून इतर धर्मातल्या कुणी अनुसूचित जातीचा दाखला मिळवला असेल तर तो रद्द होईल, असं मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा. ग्रुपवर निम्मे लोक म्हणत होते, हा अन्याय आहे. निम्मे म्हणत होते, बरं झालं, लपून राहणाऱ्यांना धडा मिळेल. दुसऱ्या गटातले बहुतेक जण शहरातले, पेन्शनवाले. हे मी मुद्दाम लिहितोय.

मी तेव्हा गप्प बसलो. लिहायचं तर एका माणसाची परवानगी लागणार होती. ती आता मिळालीय, पण अटी घालून. गाव नको, कॉलेज नको, शाखा नको, जात नको, नाव तर नकोच. मग लिहायला उरतं काय? उरतो मी, आणि वीस-एकविसाव्या वर्षी मी केलेला शहाणपणा.

२०१४ ची गोष्ट. मी पुण्यात टीवायला होतो. ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका गटात दोन वर्षं जात होतो. दर पावसाळ्यात हा गट कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींसाठी तीन दिवसांचं रिट्रीट घ्यायचा. त्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता, त्यामुळे जोडून सुट्टी. जागा पाचगणी. मला विचारलं, काउन्सेलर म्हणून येशील का? मी लगेच हो म्हटलं. काउन्सेलर हा शब्द ऐकायलाच भारी होता. घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, “तू कुणाला सल्ला देणार? स्वतःचे मोजे सापडतात का तुला?”

ट्रेनिंग म्हणाल तर एक रविवार. उपासना झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत चहा-बिस्किटं आणि चार सूचना. प्रत्येकाकडे सात-आठ मुलं. ऐका जास्त, बोला कमी. बंद खोलीत एकट्याने कुणाशी बोलायचं नाही. मुलांनी सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, पण कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर ताबडतोब मोठ्यांना सांगायचं. सूचना चांगल्या होत्या. त्यातली पहिलीच मी पाळली नाही.

स्वारगेटहून दोन लाल डबे. वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलो तसं धुकं इतकं दाट झालं की खिडकीतून झाडसुद्धा दिसेना. वर पोचलो तर सगळं ओलं. गाद्या ओल्या, टॉवेल ओले, गिटारच्या तारा गंजायला आलेल्या. गरम पाण्याचा एकच बंब आणि त्याच्यापुढे बादल्यांची रांग. सकाळी झेंडावंदन झालं ते छत्र्या धरून. जन गण मन म्हणताना कुणाची तरी छत्री उलटी झाली आणि सगळी पोरं हसली. ते हसणं मला अजून आठवतं, कारण तोवर त्यांच्यात दोन सरळ तट पडलेले होते.

हे तट बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन. पण एका बाजूला पुण्या-मुंबईची मुलं, कॉन्व्हेंटमधली, काही गोव्याची, काही मल्याळी. त्यांना इंग्रजी गाणी पाठ. दुसऱ्या बाजूला आमची नगर, जालना, बीडकडची. त्यांना टाळ आणि ढोलकीवरची भजनं येतात, त्यांच्या मंडळीत अजून कीर्तन होतं, आणि ती भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात. ते ऐकून मुंबईच्या एका मुलीनं मला विचारलं होतं, “हे मुस्लिम आहेत का?” पहिल्या दिवशीच्या गाण्यांत आमची पोरं नुसते ओठ हलवत होती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं तेव्हा उलटं झालं. गिटारवाला बिचारा सूर शोधत बसला.

माझ्या गटात सात मुलं होती. त्यातला एक नगरकडचा, इंजिनिअरिंगला लागलेला. नगरकडचा एवढं चालेल असं तो म्हणालाय, तिकडे आपण ढिगानं आहोत. नावनोंदणीच्या टेबलावर त्यानं एक नाव सांगितलं आणि मी ते बिल्ल्यावर लिहिलं. तेवढ्यात मागून त्याच्या गावाकडच्या एकानं त्याला हाक मारली ती वेगळ्याच नावानं, जुन्या करारातल्या एका संदेष्ट्याच्या नावानं. तो चपापला. मी हसून म्हणालो, “दोन नावं का रे?” तो म्हणाला, “घरचं आणि शाळेतलं.” मी तो विषय तिथंच सोडला. दोन नावं आपल्याकडे कुणाला नसतात?

शुक्रवारी रात्रीच्या गटचर्चेचा विषय होता, कॉलेजमध्ये आपला विश्वास. तिथं मी बोलत सुटलो. हॉस्टेलमध्ये मुलं बायबल गादीखाली ठेवतात, जेवणाआधी प्रार्थना करायला लाजतात, हे कसं चुकीचं आहे ते सांगितलं. मग मला एक कल्पना सुचली. मी म्हणालो, इथून परत गेल्यावर प्रत्येकानं होमवर्क म्हणून आपल्या हॉस्टेलमधल्या निदान एका मित्राला सांगायचं, मी ख्रिस्ती आहे. एकालाच सांगा, एवढं तर जमेल? सहा जणांनी माना डोलावल्या. हा जमिनीकडे बघत होता. मी त्याला नावानं विचारलं. तो म्हणाला, “बघतो.” मी म्हटलं, “बघतो काय? लाज वाटते का?” सगळ्यांसमोर म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी बाहेरून आलेल्या पाळकांनी संदेश दिला. विषय पेत्राचा नकार. येशूला धरून नेल्यावर अंगणात शेकोटीशी बसलेला पेत्र तीनदा सांगतो, मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि कोंबडा आरवतो. पाळक फार परिणामकारक बोलले. शेवटी म्हणाले, ज्यांनी ज्यांनी प्रभूचं नाव लपवलंय त्यांनी उभं राहावं. बरीच मुलं उभी राहिली, काही रडली. हा बसूनच होता. मी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या मते तो प्रेमाचा हात होता. त्यानं तो झटकला आणि बाहेर गेला.

बाहेर व्हरांड्यात पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी मागोमाग गेलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्यानं मला एकच प्रश्न विचारला, “दादा, तुमच्या दाखल्यावर काय आहे?”

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ आहे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी स्वतःच्या हातानं मुलांची नावं रजिस्टरात घातली. पुढे आम्ही ओबीसीत बसलो, कारण अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात तिथं जागा आहे. वडिलांना नोकरी होती, ओबीसीची सवलत मिळाली काय नि न मिळाली काय, माझी बीएस्सीची फी ती केवढी!

त्याच्या आजोबांनाही मिशनऱ्यांनीच पाणी दिलं होतं, म्हणजे बाप्तिस्मा. पण त्यांना कुणी मास्तर केलं नाही. ते दुसऱ्याच्या रानात राबले, त्यांचा मुलगा ऊस तोडायला गेला. नातवाला झेडपीच्या शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, वस्ती कुठली ते विचारलं आणि धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहून पुढे जात लिहिली. धर्म विचारलाच नाही. वस्ती कळल्यावर विचारायचं काय? संदेष्ट्याचं नाव गुरुजींना उच्चारायला जड गेलं म्हणून त्यांनी सोपं एक ठेवून दिलं. घरच्यांना ही चूक आहे हे कळलं ते पोरगं दहावी झाल्यावर. आणि तोवर त्याच दाखल्यावर शिष्यवृत्ती सुरू झाली होती.

इंजिनिअरिंगला त्याची पूर्ण फी त्या दाखल्यावर माफ होती. राहायला समाजकल्याणचं वसतिगृह, जेवण फुकट. ओबीसीत गेला असता तर फी निम्मीच माफ झाली असती, आणि उरलेली निम्मी त्याच्या घरच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त होती. जातपडताळणी झालेली होती. पण कुणी तक्रार केली तर प्रकरण पुन्हा उघडू शकतं. दक्षता पथक गावात येतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतं. “आणि तुम्ही म्हणता, हॉस्टेलमध्ये एकाला सांग,” तो म्हणाला.

मी त्या दिवशी त्याला काय उत्तर दिलं ते मला खरंच आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नाही.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण कमेंटमध्ये लोक विचारतीलच. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे बाहेर ठेवणं उचलून धरलं. धर्म बदलल्यावरही तसाच जाच होतो हे पुराव्यानं दाखवा, असा त्याचा रोख होता. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. आणि मधेच, २०१५ मध्ये, न्यायालयानं असंही म्हटलं की ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला माणूस पुन्हा हिंदू झाला आणि मूळ समाजानं त्याला स्वीकारलं तर अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळू शकतो. म्हणजे चर्चमध्ये गेलात की जात जाते, आणि बाहेर आलात की दाराशी चपलेसारखी तिथंच असते. चर्चमध्ये असताना ती कुठे होती, हे आमच्या वस्तीतल्या कुणालाही विचारा.

दुसरी बाजू मला माहीत नाही असं नाही. माझा एक बौद्ध मित्र आहे, स्पष्ट बोलणारा. तो म्हणतो, “तेरा टक्क्यांत आम्ही आधीच दाटीवाटीनं बसलोय. तुमच्याकडे मिशनच्या शाळा, मिशनची हॉस्पिटलं. त्या कुणाच्या पोरांसाठी चालतात ते आधी सांगा.” याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मिशनच्या मोठ्या शाळांत गावाकडच्या ख्रिस्ती मजुराचं पोर किती दिसतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आमच्या मंडळ्यांत लग्न जमवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, तोही ऐकलाय. टिळकांच्या धर्मांतराचं आपण अजून कौतुक करतो. १८९५ मध्ये एका ब्राह्मण कवीनं बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, मराठीला एक थोर पुस्तक मिळालं. मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्याच काळात नगर जिल्ह्यात जे हजारो महार-मांग ख्रिस्ती झाले, त्यांच्या नातवंडांचं आजही दाखल्यावाचून अडतं, हे आम्ही उपासनेत कधी बोलत नाही. तिथं विषय एवढाच, की खरा विश्वासणारा लपत नाही.

खोट्या कागदावर फायदा घेणं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. तोही तसं म्हणत नव्हता. त्या रात्री तो जे बोलला त्यात सरकारवरचा राग फारसा नव्हता. तो म्हणाला, रविवारी चर्चला गेलो की कॉलेजला फसवल्यासारखं वाटतं, आणि सोमवारी फॉर्मवर सही केली की देवाला. “पेत्राला फक्त तीनदाच म्हणावं लागलं, दादा.”

आता फोटोचं. रविवारी दुपारी निघायच्या आधी पायऱ्यांवर सगळ्यांचा ग्रुप फोटो. मागे बॅनर, त्यावर क्रूस आणि भलंमोठं नाव. तो कडेला बॅगा सांभाळत उभा राहिला. मला आदल्या रात्रीचं सगळं माहीत होतं, तरी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “अरे ये की!” आणि मी त्याला हाताला धरून ओढलं. मुद्दाम नाही केलं. पण त्याच्याकडे बघितल्यावर ध्यानात आलं आणि मी हात सोडला. तो परत बॅगांकडे गेला. फोटो निघाला.

तो वाचला असं मला वाटलं. पुण्यात रात्री अकराला पोचलो, फेसबुक उघडलं तर आमच्यातल्याच एका उत्साही काउन्सेलरनं दीडशे फोटो चढवले होते. अल्बमला रिट्रीटचं नाव. त्यात शनिवारच्या प्रार्थनेचा एक फोटो, डोळे मिटलेला तो अगदी मधोमध. गावाकडच्या मित्रानं त्याला टॅगही केलं होतं, शाळेतल्या नावानं, कारण फेसबुकवर तेच होतं. खाली वसतिगृहातल्या कुणाची तरी कमेंट: “काय फादर, कधी झालात?” आणि तीन हसरे चेहरे.

मी त्या काउन्सेलरला रात्रीच फोन लावला. तो म्हणाला, अरे यात काय एवढं, चांगला फोटो आहे. कारण तर मला सांगता येत नव्हतं, सांगायचं नाही असं ठरलेलं. मी खोटं बोललो. म्हटलं, एका मुलीच्या घरचे रागावलेत, सगळा अल्बम काढ. ती मुलगी कोण, हे शोधायला लोक पुढे महिनाभर फिरत होते. त्यात एकीचं नाव विनाकारण निघालं, तिला त्रास झाला. तेही माझ्याच खात्यावर. अल्बम निघाला तोवर रात्रीचे दोन वाजले होते. कमेंट करणाऱ्यानं स्क्रीनशॉट घेतला होता का, हे पुढची चार वर्षं त्याला ठाऊक नव्हतं. कुणी तक्रार केली नाही. वसतिगृहात ‘फादर’ हे नाव मात्र त्याला चिकटलं. तो ते हसण्यावारी न्यायचा. खोलीत एका देवाची तसबीर आणून लावलीन् त्यानं, स्वतः.

तो पुन्हा कुठल्याच रिट्रीटला आला नाही. मी पुढची दोन वर्षं गेलो, पण ते होमवर्क परत कुणाला दिलं नाही. आणि नव्या काउन्सेलरांच्या ट्रेनिंगमध्ये मी एक सूचना वाढवायला लावली की मुलांना विचारल्याशिवाय एकही फोटो बाहेर टाकायचा नाही. का, म्हणून मला एका ज्येष्ठांनी विचारलं. मी प्रायव्हसी वगैरे काहीतरी सांगितलं. खरं कारण त्या खोलीत सांगता आलं नाही. कोण कुणाला काय सांगेल, त्याचा भरवसा नव्हता. प्रार्थनेचा विषय म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात बातमी किती लवकर पोचते, हे मंडळीतल्या वाचकांना सांगायला नको.

आमचा फोन चालू असतो, वर्षातून दोन-चारदा. त्याला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी आहे. आई त्याच्याकडेच असते आणि शेजारी कुणी नसलं की मोठ्यानं भजनं म्हणते. विधान परिषदेतल्या त्या चर्चेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मला वाटलं घाबरला असेल. तो अगदी शांत होता. म्हणाला, माझं जे व्हायचं ते होईल. मुलीच्या नर्सरीचा फॉर्म आणलाय, धर्माचा रकाना आहे. आता गुरुजी नाहीत, मलाच भरायचाय. तू काउन्सेलर होतास ना, सांग, काय लिहू?

मी म्हटलं, फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे? तो म्हणाला, सोमवार.

सोमवारी त्यानं काय लिहिलं ते मी विचारलं नाही. या लेखासाठी परवानगी मागायला फोन केला तेव्हाही नाही विचारलं. अटी सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, “कमेंट बंद ठेव.”

म्हणून कमेंट बंद आहेत.